मोहर्लीच्या वाटेवरचे ऊर्जानगर

चंद्रपूरहून मोहर्लीमार्गे ताडोब्याला निघालेले पर्यटक दुर्गापूर आले की गाडीच्या काचा वर करतात. त्यांना वाघ बघायचा असतो, चिमण्या नव्हे. पण दहा मिनिटे थांबावे असे ठिकाण आहे हे. चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्र, क्षमता २९२० मेगावॉट. महानिर्मिती या सरकारी वीज कंपनीचे सर्वांत मोठे. पहिला संच १९८३ साली सुरू झाला आणि ऑक्टोबर १९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते केंद्राचे उद्घाटन झाले. २१० मेगावॉटचे पहिले दोन संच आता कायमचे निवृत्त आहेत. केंद्राची वसाहत म्हणजे ऊर्जानगर.

वीज करण्याची रीत म्हटली तर जुनीच, चुलीवरच्या आधणाची. दुर्गापूर, पद्मापूर परिसरातल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या (वेकोलि) खाणींमधून आलेला कोळसा आधी पिठासारखा बारीक दळायचा, मग तो हवेच्या झोताने बॉयलरमध्ये सोडायचा. सुमारे ५४० अंशांची वाफ टर्बाइनला मिनिटाला ३००० फेरे घ्यायला लावते. पाचशे मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चालला की दिवसाला आठ हजार टनांच्या आसपास कोळसा खातो. हा आकडा डोळ्यांसमोर येत नसेल तर घरातली हजार वॅटची इस्त्री घ्या. ती तासभर तापली की इकडे पाऊण किलोच्या आत-बाहेर कोळसा जळतो आणि पावशेर राख मागे उरते. आपल्या कोळशात राखच फार! सिमेंटवाले आणि वीटवाले ती नेतात, तरी उरलेल्या राखेला तळी लागतातच. देशातली सत्तर टक्क्यांहून अधिक वीज आजही कोळशावर होते, तेव्हा हा हिशेब एकट्या चंद्रपूरचा नाही.

वीज मात्र इथे थांबत नाही. चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटरची उच्चदाब एकदिश वाहिनी १५०० मेगावॉटपर्यंत भार थेट मुंबईच्या उंबरठ्यावर नेऊ शकते. राख, धूळ आणि मे महिन्यातले पंचेचाळीस अंश चंद्रपूरकरांच्या वाट्याला. या वाटणीला न्याय म्हणवत नाही.

जंगलही कुंपणाबाहेर राहिलेले नाही. आवारातल्या झाडोऱ्यात वाघ-बिबट्यांचा वावर असतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये कामावरून परतणाऱ्या एका कामगाराचा वाघाने इथेच बळी घेतला.

पण केंद्राला खरी धास्ती पाण्याची. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण आटले आणि कोळसा असूनही संच बंद ठेवावे लागले. चंद्रपूर शहराची तहानही याच धरणावर भागते.

पुढे मोहर्लीला पोचलात की झाडांमागे निळे, अथांग पाणी दिसेल. सगळे तिथे फोटो काढतात. तो ताडोब्याचा तलाव नव्हे. या केंद्रासाठी बांधलेल्या इरई धरणाचा फुगवटा आहे.