घर विकण्यापूर्वी : आधी माणसे, मग कागद, मग रंग

घर कसे घ्यावे यावर आपल्या समाजात आता बरीच चर्चा होते. घर कसे विकावे यावर मात्र फारसे कोणी बोलत नाही. रेल्वे, पोस्ट, गिरणी, महानगरपालिका अशा ठिकाणी नोकरी करून, भविष्य निर्वाह निधीतून रक्कम उचलून मागच्या पिढीने मुंबई, ठाणे, कल्याण, पुणे, नागपूर येथे लहानमोठी घरे घेतली. ज्यांच्या घराण्यात कधी सातबारा नव्हता, अशा अनेक कुटुंबांची ती नावावरची पहिलीच मालमत्ता. आज मोठ्या घरासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी वा आजारपणात ते घर विकण्याची वेळ येते, तेव्हा गिऱ्हाईक दारात उभे आणि मूळ करारनामा कुठे आहे याचा पत्ता नाही, अशी अवस्था होते. विक्रेता घाईत आहे हे कळले की भाव पडतो. म्हणून विक्रीचा विचार ठरताच, शक्यतो सहा महिने आधी तयारीला लागावे, असे आम्ही सुचवितो. या तयारीचा क्रमही महत्त्वाचा आहे. बहुतेक जण रंगसफेदीपासून सुरुवात करतात. वास्तविक ते काम शेवटचे आहे.

१. आधी माणसे

घर हयात व्यक्तीच्या एकट्याच्या नावावर असेल तर प्रश्न सोपा असतो. वडील वारले असतील तर मात्र प्रथम वारसांचा विचार करावा. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात त्यांची पत्नी, आई, मुलगे आणि मुली यांना समान वाटा मिळतो. मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा हक्क जात नाही. मुलगा वा मुलगी आधीच वारली असेल तर तिचा वाटा तिच्या वारसांकडे जातो.

येथे एक गैरसमज सर्रास आढळतो. सोसायटीत नामनिर्देशन धाकट्या भावाच्या नावे आहे, म्हणून घर त्याचे झाले, असे समजले जाते. नामनिर्देशित व्यक्ती सोसायटीशी व्यवहार करण्यापुरती असते. त्यामुळे इतर वारसांची मालकी संपत नाही. विक्रीच्या वेळी सर्व वारसांनी करारावर सही करावी, किंवा ज्यांना आपला वाटा सोडायचा आहे त्यांनी दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे. बहिणीने सही करून मोकळे व्हावे, असा धोशा लावू नये. वाटा घ्यायचा की सोडायचा हे तिने ठरवायचे आहे. हे बोलणे गिऱ्हाईक येण्यापूर्वी घरातच झाले तर नाती राहतात आणि व्यवहारही राहतो. वाद न्यायालयात गेला की वर्षे जातात.

२. मग कागद

एक फाईल करून तिच्यात पुढील कागद लावावेत : बांधकाम व्यावसायिकापासून आपल्यापर्यंतचे सर्व नोंदणीकृत करार, नोंदणीची पावती, सूची क्रमांक दोन, भाग दाखला, सोसायटीच्या देखभाल खर्चाच्या पावत्या, मालमत्ता कराची पावती, वीज बिल आणि इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र. करार हरवला असल्यास पोलिसांत तक्रार, वृत्तपत्रात जाहीर सूचना आणि दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत, असा मार्ग आहे.

घरावर कर्ज होते काय? फेडल्यावर मूळ कागद परत घेतले काय? रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत करणे बँकांना बंधनकारक आहे. बँकेमुळे विलंब झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते.

सोसायटीला हस्तांतरणाची १५ दिवसांची सूचना द्यावी. आदर्श उपविधींनुसार विक्रीसाठी सोसायटीचे ना-हरकत प्रमाणपत्र लागत नाही. मात्र खरेदीदाराला कर्ज देणारी बँक ते मागते, म्हणून थकबाकी आधीच फेडावी. महानगरपालिका हद्दीत हस्तांतरणाचा प्रीमियम २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, असे २००१ च्या शासकीय परिपत्रकात आहे. ‘इमारत निधी’ या नावाने लाख-दोन लाख मागितले तर ही तरतूद दाखवावी. घर म्हाडा, सिडको वा झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील असेल तर विक्रीची मुदत व परवानगी त्या कार्यालयात प्रथम विचारावी.

३. त्यानंतर घर

आता घराकडे वळावे. गळका नळ, सैल बिजागरी, तुटलेले बटण, तडकलेली काच ही कामे थोड्या खर्चात होतात आणि पाहणाऱ्याच्या मनातील शंका कमी करतात. माळ्यावरचे व पलंगाखालचे सामान हलवावे. मोकळी खोली मोठी दिसते. घर दाखवायचे ते दिवसा, खिडक्या उघडून. क्षेत्रफळ सांगताना चटई क्षेत्र मोजून सांगावे.

ओल मात्र रंगाखाली झाकू नये. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ नुसार, आपल्याला ठाऊक असलेला पण खरेदीदाराला सहज न दिसणारा मोठा दोष सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. ओल दुरुस्त करावी, नाहीतर सांगावी व त्याप्रमाणे भाव ठरवावा. गॅलरी खोलीत घेतली असेल, भिंत काढली असेल तर तेही लपत नाही. बँकेचा मूल्यांकनकार मंजूर नकाशा हातात घेऊनच येतो.

४. शेवटी पैसा

भाव ठरविण्यापूर्वी आपल्याच इमारतीतील अलीकडच्या विक्रीची आणि रेडी रेकनरच्या दराची माहिती घ्यावी. ‘करारात कमी दाखवू, उरलेले रोख घ्या’ या सूचनेला बळी पडू नये. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये वा अधिक रोख स्वीकारण्यास २०१५ पासून मनाई आहे; तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. किंमत ५० लाख वा अधिक असेल तर खरेदीदार एक टक्का कर कापून भरतो. त्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे.

दोन वर्षांहून अधिक काळ आपले असलेले घर विकले तर नफ्यावर दीर्घकालीन भांडवली नफ्याचा कर लागतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांक न लावता साडेबारा टक्के किंवा तो लावून वीस टक्के, यांपैकी कमी पडेल तो कर भरता येतो. नफ्याची रक्कम विक्रीच्या एक वर्ष आधी वा दोन वर्षांनंतरपर्यंत दुसरे घर घेण्यात, किंवा तीन वर्षांत घर बांधण्यात गुंतविल्यास सवलत मिळते. म्हणून जुन्या दुरुस्त्यांची बिले जपावीत आणि सही करण्यापूर्वी कर सल्लागाराला एकदा भेटावे. पूर्ण रक्कम खात्यात जमा होईपर्यंत किल्ली देऊ नये.

विद्यार्थी मित्रांना एक सांगणे आहे. घर आज विकायचे नसले तरी येत्या सुटीत आईवडिलांसोबत बसून वरील कागदांची यादी करा, काय आहे व काय नाही ते लिहा, आणि नामनिर्देशन कोणाचे आहे ते पाहा. ज्या आईवडिलांनी हप्ते फेडले त्यांच्या हयातीत हे प्रश्न विचारले तर उत्तरे मिळतात. नंतर ती कार्यालयांच्या खिडक्यांवर शोधावी लागतात.