केसपेपरवरील एक ओळ

लिंबायतमधील माझ्या दवाखान्यात काही वर्षांपूर्वी एक विवाहिता वरचेवर येत असे. खानदेशातून पोटासाठी सुरतेत आलेले यंत्रमाग कामगाराचे कुटुंब. कधी मनगट सुजलेले, कधी डोळ्याखाली काळेनिळे. कारण ठरलेले: "मोरीत पाय घसरला." सासूबाई शेजारीच बसलेल्या असत. मी औषध देई आणि केसपेपरवर लिही, 'पडल्यामुळे इजा'. पुढे प्रकरण न्यायालयात गेले, तेव्हा तीच ओळ तिच्याविरुद्ध उभी राहिली. मारणारा दुसरा होता. पण अक्षर माझे होते. ती बोच अद्याप गेलेली नाही.

कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २६ ऑक्टोबर २००६ रोजी अमलात आला. पीडितेने आधी तक्रार केलेली नसली, तरी उपचार नाकारता येत नाहीत. तपासणी अहवालाची प्रत तिला विनामूल्य मिळावी आणि घटनेचा अहवाल संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत पोहोचावा, अशी या कायद्याची आपल्याकडून अपेक्षा आहे. बालकांच्या लैंगिक शोषणाबाबत तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने माहिती कळवणे बंधनकारकच केले आहे.

मुंबईत २०००-२००१ च्या सुमारास महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र उभारले. समुपदेशन रुग्णालयातच मिळू लागले. स्त्रीला निराळे दार ठोठवावे लागले नाही. गुजरातेत २०१५ पासून १८१ 'अभयम' सेवा राज्यभर आहे. समुपदेशक आणि महिला पोलीस घरापर्यंत येतात.

उणीव आहे ती दुवा साधणाऱ्या माणसाची. दवाखाना, सिव्हिल हॉस्पिटल, पोलीस ठाणे, न्यायालय अशा प्रत्येक ठिकाणी तीच कहाणी नव्याने सांगायची आणि प्रत्येक खेपेस एक दिवसाची मजुरी बुडवायची! शेवटी ताप्ती लाइनच्या गाडीने तिला नंदुरबार-अमळनेरकडे माहेरी धाडले जाते आणि प्रकरण तिथेच विझते. वस्तुतः ती तात्पुरती जिथे राहते, तिथल्या न्यायालयातही तिला दाद मागता येते. हे तिला कोणी सांगतच नाही.

ऑगस्ट २००६ च्या तापीच्या महापुरात या शहराचे दातृत्व आपण सर्वांनी पाहिले. ते पाणी सर्वांना दिसत होते. बंद दाराआडचे दिसत नाही, एवढाच फरक.

म्हणून व्यवसायबंधूंना विनंती आहे. संशय येताच रुग्णेशी क्षणभर एकांतात बोलावे. तिचे शब्द तिच्याच भाषेत, जखमेची जागा आणि आकार यांसह नोंदवावेत. १८१ हा क्रमांक चिठ्ठीवर न देता भिंतीवर लावावा. चिठ्ठी घरी सापडू शकते. प्रौढ स्त्रीच्या बाबतीत पुढचे पाऊल तिच्या संमतीनेच उचलावे. आणि मंडळाच्या निधीतून एका प्रशिक्षित समुपदेशिकेचे मानधन, रिक्षाभाडे व बुडालेली मजुरी यांची तरतूद व्हावी. शिलाईयंत्र वाटपाचे छायाचित्र छान येते. पण न्यायालयाच्या तारखेला सोबत चालणारे माणूस त्याहून अधिक गरजेचे आहे.

एवढे झाले, तरी माझ्या त्या ओळीचे अंशतः परिमार्जन होईल.