हात न पोचणाऱ्या जागेतला पंप

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याने एप्रिल-मे महिन्यांत कधी गेला असाल, तर भिगवण ओलांडून इंदापूरकडे जाताना बाभळीच्या सावलीला बॉनेट उघडून उभी असलेली एखादी मोटार तुम्ही नक्की पाहिली असेल. आतून वाफ निघत असते, माणसे जरा लांब उभी असतात आणि कोणीतरी पाण्याचा कॅन घेऊन जवळच्या विहिरीकडे निघालेला असतो. विचारले तर एवढेच उत्तर मिळते, "गाडी तापली." पण मित्रहो, गाडी तर रोजच तापते. मग आजच असे काय झाले? पुष्कळदा याचे उत्तर मुठीएवढ्या एका वस्तूत सापडते. ती वस्तू म्हणजे इंजिनाचा पाण्याचा पंप. गॅरेजमध्ये त्याला वॉटर पंपच म्हणतात.

आधी थोडे गणित करू. एक लहान मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने जात आहे आणि एका लिटर पेट्रोलमध्ये १५ किलोमीटर चालते आहे असे धरा. म्हणजे तासाला ४ लिटर पेट्रोल जळते. एक लिटर पेट्रोलमधून सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता निघते. तासाला झाली १२८ मेगाज्यूल. तिला ३,६०० सेकंदांनी भागले की सुमारे साडेपस्तीस किलोवॅट. यातला ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग चाके फिरवण्याच्या कामी येतो, एक तृतीयांश धुराबरोबर बाहेर जातो आणि उरलेला, म्हणजे जवळजवळ १२ किलोवॅट, इंजिनाच्या धातूत शिरतो. बादलीतले पाणी तापवायची एक किलोवॅटची विजेची कांडी तुम्ही पाहिली असेल. तशा बारा कांड्या बॉनेटखाली सतत चालू आहेत असे समजा!

ही उष्णता बाहेर नेते पाणी. इंजिनाच्या सिलिंडरांभोवती पोकळ वाटा ठेवलेल्या असतात. त्यांतून पाणी फिरते, तापते, रेडिएटरमध्ये जाते, तेथे वाऱ्याने निवते आणि परत येते. एका फेरीत पाण्याचे तापमान ६ अंशांनी वाढू द्यायचे म्हटले, तर मिनिटाला साधारण २८ लिटर पाणी खेळते राहिले पाहिजे. गाडीत पाणी असते अवघे पाच लिटर. म्हणजे मिनिटाला पाच-सहा फेऱ्या! आता पंप बंद पडला तर काय होईल? ८५ अंशांवर असलेले इंजिन, त्यातले लोखंड आणि पाणी दोन्ही हिशेबात धरूनही, दोन-तीन मिनिटांत उकळीच्या पलीकडे जाते. मग सिलिंडरावरचे झाकण, ज्याला 'हेड' म्हणतात, ते वाकते, मधले गॅस्केट जळते आणि काही हजारांवर भागणारे काम इंजिन खोलण्यापर्यंत जाते.

हा पंप बारामती-इंदापूरकडच्या मुलांच्या अगदी ओळखीचा असायला हवा. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळानंतर या भागासाठी नीरा डावा कालवा झाला आणि १८८५ पासून त्याचे पाणी वाहू लागले. उजनी धरण झाल्यावर इंदापूर तालुक्यात भीमेचा फुगवटा आला. काठावरच्या शेतांना पाणी देणारे जे पंप तुम्ही पाहता, ते आणि मोटारीतला पंप हे एकाच घराण्यातले. दोन्ही केंद्रोत्सारी. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात असे पंप १९२६ पासून तयार होऊ लागले.

बादलीत अर्धे पाणी घ्या आणि हाताने जोरात गोल ढवळा. मध्ये खळगा पडतो, कडेला पाणी चढते. पंपात हात नसतो, तेथे पाती असलेली एक चकती असते. तिला इम्पेलर म्हणतात. पाणी मध्यावर येते, पात्यांबरोबर फिरते आणि कडेकडे फेकले जाते. मोटारीतला इम्पेलर सहा सेंटीमीटर व्यासाचा आहे आणि मिनिटाला ३,००० फेरे घेतो असे धरले, तर त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे ३४ किलोमीटर येतो. पाकिटाने हिशेब करून पाहा. फेरे दुप्पट झाले की दाब चौपट होतो, आणि निम्मे झाले की चौथाईवर येतो. म्हणूनच थोडा झिजलेला पंप मोकळ्या रस्त्यावर कसाबसा निभावून नेतो. पण गाळप हंगामात कारखान्याच्या फाटकासमोर उसाच्या गाड्यांच्या रांगेत मागे अडकून मुंगीच्या पावलांनी सरकावे लागले की त्याचे पितळ उघडे पडते.

पंपावाचून चालतच नाही का? चालते. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, थंड पाणी खाली उतरते, एवढ्यावरही पाणी फिरू शकते. फोर्डच्या १९०८ मधल्या प्रसिद्ध 'मॉडेल टी'च्या पहिल्या सुमारे अडीच हजार गाड्यांना पंप होता. पुढे तो काढून टाकला आणि गाड्या या नैसर्गिक प्रवाहावरच चालल्या. स्कूटरचे तर आणखी सोपे. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत २०१२ पासून व्हेस्पा स्कूटर बनतात, त्यांचे इंजिन हवेनेच थंड होते. पण इंजिन जोरकस आणि जागा अपुरी असेल तर पंपच हवा.

जागा अपुरी! आपल्या गोष्टीतली खरी अडचण येथेच आहे.

इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. ते वसवणारे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९५० नंतरच्या दशकात फियाट गाड्या तयार होऊ लागल्या आणि १९७० नंतर त्याच घराण्यातल्या गाडीला 'पद्मिनी' हे नाव मिळाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या म्हणजे याच गाड्या; त्यांतली शेवटची २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. या गाडीचे १०८९ घन सेंटीमीटरचे इंजिन लांबीत, म्हणजे गाडीच्या दिशेने बसवलेले असे. पंप इंजिनाच्या अगदी नाकावर, त्याच्या पुढे पंखा आणि त्याच्या पुढे रेडिएटर. बॉनेट उघडून मिस्त्री समोर उभा राहिला की सगळे डोळ्यांसमोर. पट्टा सैल करायचा, पंखा काढायचा, चार बोल्ट खोलायचे, पंप हातात.

मग १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये अलेक इसिगोनिस या अभियंत्याने 'मिनी' नावाची गाडी आणली. तिची लांबी जेमतेम तीन मीटर, तरी चार माणसे आत. युक्ती अशी की इंजिन आडवे बसवले आणि पुढचीच चाके फिरवली. आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरमध्ये आलेली मारुती ८०० याच पद्धतीची, आणि आजच्या बहुतेक लहान गाड्याही. प्रवाशांना पाय पसरायला जागा मिळाली. पण इंजिनाचे जे नाक रेडिएटरसमोर होते ते आता बाजूच्या पत्र्याला टेकले. मधली फट कित्येकदा हाताच्या पंजाएवढीच. भरीला भर म्हणजे पुष्कळ इंजिनांत पंप बाहेरच्या पट्ट्यावर न ठेवता आतल्या दातेरी पट्ट्यावर, म्हणजे टायमिंग बेल्टवर बसवतात. झडपा केव्हा उघडायच्या आणि केव्हा मिटायच्या हे ठरवणारा हाच पट्टा. तो काढल्याशिवाय पंप निघत नाही. मला विचाराल तर आराखडा काढणाऱ्या प्रत्येक अभियंत्याला महिनाभर गॅरेजमध्ये बसवायला हवे!

आता काम कसे चालते ते पाहा. इंजिन पूर्ण गार. बॅटरीची तार सुटी. गाडी जॅकवर उचलून भक्कम घोड्यांवर ठेवलेली. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरत नाही. रेडिएटरमधले पाणी घमेल्यात काढून घेतात. त्यात ग्लायकॉलचे शीतक असेल तर ते गटारात सोडू नये, कारण ते चवीला गोड आणि तितकेच विषारी असते. कुत्री आणि वासरे ते चाटतात. मग बाजूचे चाक काढायचे, चाकामागचा प्लॅस्टिकचा पडदा काढायचा. इंजिनाखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकचा आधार द्यायचा आणि त्या बाजूचा इंजिनाचा पाया सोडवायचा. येवढे झाल्यावर इंजिन थोडे खालीवर करता येते आणि एकेक बोल्ट पान्याच्या टप्प्यात येतो. बाहेरचे पट्टे, पुली, झाकणे निघाली की दातेरी पट्टा दिसतो.

येथे घाई करणारा फसतो. चाकांवर कोरलेल्या खुणा एकमेकींसमोर आणूनच पट्टा काढायचा आणि नवा बसवताना त्याच खुणा जुळवायच्या. दोन-चार दातांची चूक झाली तर काही इंजिनांत वर आलेला दट्ट्या उघड्या झडपेवर आदळतो आणि झडप वाकते. म्हणून पट्टा बसवल्यावर इंजिन चावीने सुरू न करता पान्याने हळूहळू दोन पूर्ण फेरे फिरवतात. दोनच का? मुख्य दांड्याचे दोन फेरे होतात तेव्हा झडपांच्या दांड्याचा एक होतो. त्यानंतरच सगळ्या खुणा पुन्हा समोरासमोर येतात. फिरवताना कोठे अडले तर जोर न करता थांबायचे.

पंप स्वतः निघतो पाच-सहा लहान बोल्टांवर. त्याच्या जागेवर चिकटलेले जुने गॅस्केट खरवडताना ॲल्युमिनियमवर ओरखडा उमटला तर तेथूनच उद्या गळती. नवा पंप बसवताना बोल्ट एकदम एका बाजूने न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचे. या बोल्टांना लागणारे बल दहा न्यूटन-मीटरच्या आसपास असते, म्हणजे दहा सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकाला दहा किलोचे वजन टांगावे एवढेच. पहिलवानी केली की आटे गेले.

पंप बिघडतो कसा? त्याच्या दांड्यावर एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला बेअरिंग असते, मध्ये सील. सील आणि बेअरिंग यांच्यामधल्या जागेत खाली एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते. सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न जाता या भोकातून ठिबकते. ती धोक्याची सूचना होय. काही जण हे भोक लांबी भरून बुजवतात आणि गळती थांबली म्हणून खूश होतात. मग पाणी बेअरिंगमध्ये शिरते, ते गंजते, पंप घरघरतो, शेवटी अडकतो आणि दातेरी पट्टाही तोडतो. याच कारणाने जाणता मिस्त्री पट्टा बदलताना पंप चांगला दिसला तरी तोही बदलू या म्हणतो. गिऱ्हाइकाला ते फसवणूक वाटते. पण खर्च पंपाच्या किमतीपेक्षा तेथवर पोचण्याच्या मजुरीचा असतो, आणि ती दोनदा का द्यावी?

सील लवकर झिजण्याचे एक कारण आपल्या विहिरीतच आहे. नीरा कालव्याच्या बागायतीत जमिनी क्षारपड झाल्याचे तुम्ही घरी ऐकले असेल. अशा भागातल्या विहिरींच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात. पाणी तापले की त्यातले कॅल्शियम बायकार्बोनेट फुटते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर उरतो, चहाच्या पातेल्यात बसतो तसा. या थरातून उष्णता धातूपेक्षा फारच सावकाश जाते. शिवाय सुटलेले कण सीलच्या गुळगुळीत तोंडांवर कानशीसारखे घासतात. तेव्हा रस्त्यात अडचण पडली तर विहिरीचे पाणी घालावे, पण घरी आल्यावर ते काढून शुद्ध पाणी आणि शीतक भरावे. "बारामतीत कुठे बर्फ पडतो, मग ते गोठणविरोधी द्रव कशाला?" असे कोणी म्हणाले तर त्यांना सांगा की त्याने उकळबिंदूही वाढतो आणि गंज रोखणारी द्रव्येही त्यात असतात.

एक गोष्ट मात्र पाठ करून ठेवा. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. बंद झाकणाखाली दाबामुळे पाणी ११५ अंशांवरही न उकळता राहते. झाकण निघाले की दाब गेला, आणि पाच लिटरांतले साधारण १४० ग्रॅम पाणी तत्क्षणी वाफ होते. ही वाफ सव्वादोनशे लिटरांहून अधिक जागा मागते आणि उरलेले उकळते पाणी बरोबर घेऊन तोंडावर येते. इंजिन बंद करून तास-अर्धा तास थांबणे हाच उपाय.

नवा पंप बसला, पाणी भरले, तरी काम संपत नाही. आत हवेचा फुगा राहिला तर पंप फिरतो पण पाणी हलत नाही. शेतावरचा पंप हवा धरतो तेव्हा नळीत पाणी भरून मगच तो चालू करतात ना? कारण तेच. हवा पाण्यापेक्षा सुमारे आठशे पट हलकी, म्हणून तीच पाती हवेला फेकू लागली तर दाब आठशेपट कमी पडतो. यासाठी मिस्त्री गाडीचे तोंड थोडे उंच करून, हवा काढण्याचा स्क्रू ढिला करून, बुडबुडे थांबेपर्यंत पाणी घालत राहतो.

अलीकडे काही गाड्यांत पट्टाच राहिलेला नाही. २००९ मध्ये आलेल्या टोयोटा प्रियसच्या तिसऱ्या पिढीत पाण्याचा पंप विजेच्या मोटारीवर चालतो. विजेवरच्या बऱ्याच गाड्यांतही बॅटरी थंड ठेवायला असा पंप असतो. त्याला पट्ट्याजवळ बसण्याची सक्ती नाही. दोन तारा आणि दोन नळ्या पोचतील तेथे तो बसतो. तो हाताला लागेल अशा जागी ठेवायचा की नाही, हे मात्र अजूनही आराखडा काढणाऱ्याच्याच हातात आहे.