वजने उचलणाऱ्या स्त्रियांचे वजन का वाढते?

वजन घटावे म्हणून वजने उचलण्याचा व्यायाम सुरू करावा आणि दोन-तीन आठवड्यांनी काट्यावर किलो-दीड किलोची वाढच दिसावी, हा अनुभव अनेक स्त्रियांना येतो. कित्येकींचा व्यायाम याच टप्प्यावर सुटतो. वास्तविक आहार पूर्वीचाच असेल, तर ही वाढ बहुधा चरबीची नसून पाण्याची असते.

पाणी कोठून येते?

सवय नसलेला भार पेलताना स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. ती भरून काढण्यासाठी शरीर त्या जागी द्रव साठवते. व्यायामानंतर एक-दोन दिवस अंग ठणकते, ते याच काळात. शिवाय श्रमाला सरावणारे स्नायू ग्लायकोजेनच्या रूपात अधिक साखर साठवू लागतात आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतात. मासिक पाळीच्या आधीही शरीरात पाणी साठते, त्यामुळे काटा आणखी फसवतो. याउलट एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० उष्मांक. आठवड्यात तेवढी चरबी वाढण्यासाठी गरजेपेक्षा रोज १,१०० उष्मांक जास्त खावे लागतील.

'पुरुषी' शरीराची भीती

परभणी जिल्ह्यातील पाथरी असो वा पुणे, वजने उचलल्याने स्त्रीचे शरीर पुरुषी होते, हा समज सर्वत्र आढळतो. पाण्याचा भरलेला हंडा दहा किलोहून जड असतो. मराठवाड्यातील स्त्रियांनी तो पिढ्यानपिढ्या वाहिला, तेव्हा ही शंका कोणाला आली नाही. स्नायू फुगवणारे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक स्त्रियांत पुरुषांच्या तुलनेत फारच कमी असते. सुरुवातीला वाढणारी ताकदही मुख्यतः मज्जातंतू व स्नायू यांच्यातील समन्वय सुधारल्याने येते. मावळातील वडगावच्या हर्षदा गरुड हिने २०२२ मध्ये जागतिक कनिष्ठ वेटलिफ्टिंग स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. तिने एकूण १५३ किलो वजन उचलले, पण तिचा वजनगट होता अवघा ४५ किलोचा!

काट्याऐवजी टेप

स्नायू चरबीपेक्षा घन असतो. म्हणूनच वजन तेवढेच राहूनही कंबर बारीक होऊ शकते. महिन्यातून एकदा टेपने कंबर मोजावी. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची सीमा मानली जाते. उचलता येणाऱ्या भाराचीही नोंद ठेवावी. काटा पाहायचाच, तर आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी.

वजन वाढले म्हणून उपाशी राहणे हा उलटा उपाय ठरतो. वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या स्त्रीला ५० ग्रॅम प्रथिने हवीतच. ज्वारीच्या भाकरीसोबत डाळ, दही, शेंगदाणे, उसळ वा अंडी नियमित घ्यावीत. मात्र पायांवर सूज, धाप किंवा सतत थकवा असेल, तर वैद्यकीय तपासणी करावी. गर्भवती आणि उच्च रक्तदाब असलेल्या स्त्रियांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरुवात करावी.

तिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात आणि रजोनिवृत्तीनंतर हाडांची झीज वेगाने होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचवते, तो यासाठीच. सुरुवातीच्या किलोभर पाण्याला घाबरून तो सोडला, तर तोटा मात्र पुढे आयुष्यभराचा होतो.