डोळ्याला मुका मार : दोन दोन दिसू लागले तर?

क्रिकेट खेळताना चेंडू डोळ्यावर बसतो. रक्त येत नाही, डोळाही लाल दिसत नाही. घरचे म्हणतात, 'मुका मार आहे, दोन दिवसांत उतरेल.' बहुतेक वेळा तो उतरतोही. पण मूल 'दोन दोन दिसतंय' म्हणू लागले, तर थांबू नये.

प्रत्येक डोळा फिरवायला सहा स्नायू असतात. दोन्ही डोळे एकाच दिशेला वळतात म्हणून आपल्याला एकच चित्र दिसते. एखादा स्नायू अडकला की एकाच्या दोन वस्तू दिसतात. कोणताही एक डोळा झाकल्यावर दुसरी वस्तू नाहीशी झाली, तर दोष डोळ्यांच्या हालचालीत आहे असे समजावे.

डोळ्याच्या खोबणीचे तळाचे हाड फार पातळ असते. जोराच्या माराने ते तडकते. मुलांचे हाड लवचिक असल्याने तडा उघडून लगेच मिटतो आणि दारात बोट चेंगरावे तसा खालचा स्नायू त्यात चिमटतो. डोळा वरून चांगला दिसतो. पण मुलाला वर पाहता येत नाही. मळमळ, उलट्या होतात, नाडी मंदावते. मग डोक्याला मार लागला असे समजून डोळ्याची तपासणी राहून जाते. डोके तपासावेच, पण डोळाही तपासून घ्यावा.

सीटी स्कॅनने निदानाला मदत होते. अशा मुलाची शस्त्रक्रिया शक्यतो 24 ते 48 तासांत करतात. बहुधा खालच्या पापणीच्या आतून छेद घेऊन स्नायू सोडवला जातो. त्यामुळे बाहेर व्रण दिसत नाही. उशीर झाल्यास स्नायूचा रक्तपुरवठा तुटून तो कायमचा आखडू शकतो.

प्रत्येक रुग्णाला इतकी घाई नसते. मोठ्या माणसांत केवळ सुजेमुळेही दोन दिसते. तेव्हा डॉक्टर एक-दोन आठवडे वाट पाहतात. स्नायू तुटला असेल, तर त्याचे टोक शोधून लवकर शिवतात. मज्जातंतू दुखावला असेल, तर साधारण सहा महिने थांबून मगच तिरळेपणाची शस्त्रक्रिया करतात. तोवर एका डोळ्यावर पट्टी किंवा खास भिंगाचा चष्मा देतात.

मार लागल्यावर डोळा चोळू नये, दाबू नये, नाक शिंकरू नये. लोणी, दूध, मध डोळ्यात घालू नये. मुलाला डोके स्थिर ठेवायला सांगून आपले बोट वर, खाली, डावीकडे, उजवीकडे न्यावे. एक डोळा मागे राहिला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.