सुंता, पंगत आणि कीर्तन : चार गैरसमज आणि वस्तुस्थिती

नव्याने धर्मात आलेल्या माणसाने त्या धर्माच्या मूळ समाजाचे आचारही स्वीकारावेत काय, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मापुढे पहिल्या शतकातच उभा राहिला, आणि रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी १८६१ मध्ये जन्मलेले कवी नारायण वामन टिळक यांच्या आयुष्यात तो मराठी रूपाने पुन्हा आला. त्याविषयी रूढ असलेले चार समज येथे तपासले आहेत.

गैरसमज १ : हा वाद यहुदी आणि ख्रिस्ती अशा दोन धर्मांतील होता.

वस्तुस्थिती : वाद येशूच्या अनुयायांमधलाच होता. त्यातले प्रमुख नेते पौल, पेत्र आणि याकोब हे तिघेही जन्माने यहुदी होते. मतभेद होता तो यहुदी नसलेल्या, म्हणजे बायबलच्या भाषेत ‘परराष्ट्रीय’ असलेल्या, नवशिष्यांनी सुंता करून मोशेचे नियमशास्त्र, म्हणजे यहुद्यांचे धार्मिक विधिनिषेध, पाळावेत की नाही याबद्दल.

गैरसमज २ : यरुशलेमच्या सभेने नियमशास्त्र सर्वांसाठी रद्द केले.

वस्तुस्थिती : इ. स. ४९ च्या सुमारास याच प्रश्नावर झालेल्या या सभेचा निर्णय, ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथानुसार, फक्त परराष्ट्रीयांपुरता होता. त्यांच्यावर सुंतेची सक्ती झाली नाही. मात्र मूर्तीला वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी आणि जारकर्म ही चार वर्ज्ये त्यांना सांगण्यात आली. यहुदी शिष्य आपले आचार पाळतच राहिले, आणि सुंतेच्या सक्तीला कडाडून विरोध करणाऱ्या पौलानेही, ज्याची आई यहुदी होती त्या तीमथ्याची सुंता करविली.

गैरसमज ३ : वादाचे मूळ केवळ सुंतेत होते.

वस्तुस्थिती : तो पंगतीपर्यंत पोहोचला होता. अंत्युखिया येथे परराष्ट्रीयांबरोबर जेवणारा पेत्र, याकोबाकडची माणसे येताच त्या पंगतीतून उठला, तेव्हा पौलाने त्याला तोंडावर विरोध केला, असे ‘गलतीकरांस पत्र’ सांगते. कोणी काय पाळावे याची मोकळीक असली, तरी त्या पाळण्याने सहभोजन मोडू नये, हा पौलाचा आग्रह होता. आणि सोवळेओवळे व पंक्तिभेद जाणणाऱ्या कोकणातल्या वाचकाला त्याचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

गैरसमज ४ : ख्रिस्ती झालेल्या मराठी माणसाला आपले संस्कार टाकावेच लागतात.

वस्तुस्थिती : हा समज अगदीच निराधार नाही, कारण गोव्यात इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या धर्मन्यायालयाने, १७३६ च्या फर्मानाने नवख्रिस्त्यांच्या अनेक चालीरीतींवर बंदी घातली होती. परंतु १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी वेगळा मार्ग धरला : अभंग, भजन आणि कीर्तन त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणले, तुकारामांचे ऋण मानले, पण जातिभेद मात्र नाकारला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी पतीबरोबर राहत असतानाही काही काळ स्वतंत्र स्वयंपाक ठेवला आणि पुढे सोवळे सोडून स्वतःही बाप्तिस्मा घेतला, हे त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रावरून कळते. अंत्युखियाचा पेच येथे एका घरातच उभा राहिला होता.

१९१७ मध्ये टिळकांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही प्रवेश दिला. यरुशलेमच्या सभेने सुंतेची अट काढली होती. टिळकांनी, निदान आपल्या दरबारापुरती, बाप्तिस्म्याचीही अट ठेवली नाही.