बाळंतपणाचे शब्द आणि वारसाची नोंद

गाय विते, स्त्री बाळंत होते. म्हैस गाभण असते, स्त्री गरोदर असते. हा भेद आपण लहानपणापासून पाळतों, व तो मोडणारास असभ्य समजतों. एकट्या ‘दिवस’ या शब्दाचेंच पाहा. दिवस गेले म्हणजे गर्भ राहिला, दिवस भरले म्हणजे प्रसूतीची वेळ आली, आणि दिवस घातले म्हणजे मृताचें उत्तरकार्य झालें! ‘सुटका झाली’ असें पत्रांत वाचलें तर बाळंतीण सुखरूप आहे एवढेंच कळतें. मुलाचें वर्तमान पुढील ओळींत शोधावें लागतें.

घरांत अशी मोघम भाषा खपते. जमिनीच्या वारसाचा प्रश्न आला म्हणजे खपत नाहीं. मी महसूल खात्यांत कारकून असतांना एक तरुण खातेदार वारला. भावानें वर्दी दिली, ‘मयत निपुत्रिक, वारस विधवा व आई.’ विधवा त्या वेळीं सहा महिन्यांची गरोदर होती. शब्द त्या दिवसापुरता खोटा नव्हता, पण अपुरा होता. पुढें मुलगा झाला, आणि तेवढ्या दुरुस्तीसाठीं ती बाई मूल कडेवर घेऊन दीड वर्ष कचेरीच्या पायऱ्या चढत राहिली.

हिंदु वारसा कायदा, 1956, याच्या 20 व्या कलमाप्रमाणें बाप वारला त्या वेळीं गर्भांत असलेलें मूल पुढें जिवंत जन्मलें, तर बापाच्या हयातींत जन्मल्याप्रमाणेंच तें वारस होतें. ‘जिवंत’ या शब्दावर सर्व भार आहे. समजा, मयताची स्वकष्टार्जित जमीन 6 एकर, मागें आई व गरोदर विधवा. मूल मृत जन्मलें तर दोघींस तीन-तीन एकर. पण मुलगा जन्मून घटकाभर जगला, तर दोन-दोन एकरांचे तीन वाटे पडतात, आणि त्याचा वाटा त्याच्या आईकडे येऊन विधवेस चार एकर मिळतात.

येथेंच ‘उपजत’ हा शब्द घात करतो. उपजणें म्हणजे जन्मणें. आपल्या बायका, जन्मून तासाभरानें गेलेल्या मुलासही ‘उपजतच गेलें’ म्हणतात. नोंदवहींत मात्र उपजत मृत्यु म्हणजे मृतच जन्मलेलें मूल. 1969 च्या जन्ममृत्यु नोंदणी कायद्याखालीं त्याचा नमुना वेगळा आहे. मूल क्षणभर रडलें असेल, श्वास घेतला असेल, तर जन्म व मृत्यु अशा दोन नोंदी हव्यात. दुःखाच्या घरांत हें कोणास सुचत नाहीं, व सांगावयास गेलेला माणूस निर्दय ठरतो. तरी कोणी जाणत्या आप्तानें 21 दिवसांच्या आंत ग्रामपंचायतींत जाऊन दोन्ही नोंदी कराव्या. मुलाचा जन्म दवाखान्यांत झाला असेल, तर तेथून काय कळविलें गेलें तें विचारून घ्यावें. आणि वारसाची वर्दी देतांना तलाठ्याकडे ‘निपुत्रिक’ न लिहितां ‘विधवा अमुक महिन्यांची गरोदर’ असें स्पष्ट लिहावें, व पोंच मागून घ्यावी.